पेटी आणि पारितोषिक

माझे मामा इंग्लंडात स्थायिक झाले त्याला आता चाळीस वर्षे होऊन गेली. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून नकाशे तयार करणाऱ्या एका कचेरीत त्यांची सारी नोकरी झाली; आणि टेकडीची उंची व ओढ्याची खोली वाचण्यासाठी ज्या स्टिरिओस्कोपला, म्हणजे दोन डोळ्यांना दोन निरनिराळी चित्रे दाखविणाऱ्या उपकरणाला, ते दिवसभर डोळे लावून बसत, त्याच उपकरणाने पुढे त्यांच्या संध्याकाळीही व्यापून टाकल्या. मी पुण्यात राहून तीस वर्षे कृष्णधवल छायाचित्रण करीत आलो आहे. प्रदर्शनांत चित्रे पाठविली आहेत, परीक्षक म्हणूनही बसलो आहे, आणि छायाचित्र कशाला म्हणावे याविषयीची माझी मते एव्हाना पक्की झालेली आहेत. गेल्या आश्विनात पंधरा दिवस मी मामांकडे होतो, तेव्हा या मतांची आणि त्यांच्या छंदाची समोरासमोर गाठ पडली. त्या संभाषणाचा गोषवारा येथे देत आहे. कारण ज्या मुद्द्यावर येऊन आमचा वाद थांबला, तो छायाचित्रणाची हौस असलेल्या प्रत्येकाच्या विचारात घेण्यासारखा आहे असे मला वाटते.

निमित्त झाले ते टपालाने आलेल्या एका पेटीचे. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, दोन पट्ट्यांनी आवळलेली ती पेटी मामांनी जेवणाच्या टेबलावर ठेवली, हात धुऊन आले, आणि मगच ती उघडली. आत पारदर्शक पाकिटांत ठेवलेली पंधराएक लांबट कार्डे होती. प्रत्येक कार्डावर शेजारी-शेजारी दोन, जवळजवळ सारखीच दिसणारी छायाचित्रे, आणि प्रत्येकासोबत निरनिराळ्या हस्ताक्षरांनी भरलेला एकेक कागद.

“ही आमच्या मंडळाची फिरती पेटी,” मामा म्हणाले. “यादीत सभासदांची नावे क्रमाने लिहिलेली असतात. पेटी माझ्याकडे आली की आत मागच्या फेरीतली माझीच चित्रजोडी असते आणि तिच्या कागदावर बाकीच्या सगळ्यांचे शेरे. ती काढून घ्यायची, नवी ठेवायची, इतरांच्या जोड्या पाहून शेरे लिहायचे, पसंतीचे मत नोंदवायचे आणि मुदतीच्या आत पेटी पुढच्या पत्त्यावर रवाना करायची. इथली स्टिरिओस्कोपिक सोसायटी १८९३ साली निघाली, आणि टपालातून होणारी ही देवघेव तिच्यात पहिल्यापासून आहे.”

मी त्यातले एक कार्ड उचलून नुसत्या डोळ्यांनी पाहिले. बागेतल्या अवजारांच्या खोलीची खिडकी, खिळ्याला टांगलेला जुना कोट, काचेवर धूळ, बाकी काही नाही. मी ते खाली ठेवले आणि मनात होते ते बोलून टाकले.

“मामा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. छायाचित्रकाराची सारी कला जगाची एक मिती काढून टाकण्यात आहे असे मी मानतो. डोंगर, झाड आणि माणूस तीन वेगवेगळ्या अंतरांवर उभी असतात. त्यांना एका कागदावर आणून त्यांच्यात जे नाते निसर्गात नव्हते ते जुळवून देणे, म्हणजे रचना. ही वजाबाकी जो करतो तो कलावंत. तुमची चित्रजोडी वजा केलेली ती मिती परत करते, आणि मग प्रेक्षकाच्या पदरात पडते ते निव्वळ कुतूहल. कुतूहलाचे आयुष्य किती असते हे इतिहासाने तीन वेळा दाखविले आहे. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात शास्त्रज्ञ ब्रूस्टरच्या पद्धतीचा स्टिरिओस्कोप व्हिक्टोरिया राणीने वाखाणला, मग घरोघरी त्याची लाट आली आणि ओसरली. पुढे अंडरवुड बंधूंनी महाविद्यालयातली मुले दारोदार पाठवून चित्रजोड्या विकल्या, तीही लाट ओसरली. १९४७ च्या स्टिरिओ रिअलिस्ट कॅमेऱ्याने अमेरिकेत तिसरी आणली. तिचेही तेच झाले. जी कला खरी असते ती अशी पुन्हा पुन्हा अडगळीत जाऊन पडत नाही.”

मामांनी मी ठेवलेले कार्ड उचलले, लाकडी दांड्याच्या स्टिरिओस्कोपवर बसविले, आणि ते उपकरण माझ्या हातात दिले. “आधी पाहा. मग बोलू.”

क्षणभर दोन चित्रे एकमेकांवर तरंगत राहिली आणि मग अकस्मात एक झाली. खिडकी मागे गेली. कोट खिळ्यापासून सुटून लोंबू लागला, त्याच्या बाहीत पोकळी आली. आणि खिडकी व कोट यांच्यामधल्या हवेत, जिथे मला नुसत्या डोळ्यांना काहीच दिसले नव्हते, तिथे कोळ्याचे एक सबंध जाळे ताणलेले होते. त्याचा एकेक धागा कशाच्या पुढे आणि कशाच्या मागे आहे हे बोटाने दाखविता आले असते. सपाट चित्रात ते जाळे काचेवरच्या धुळीत मिसळून नाहीसे झाले होते. ज्याने हे चित्र घेतले त्याचा विषय कोटही नव्हता आणि खिडकीही नव्हती. कोट कित्येक दिवसांत कोणी हलविलेला नाही, हा त्याचा विषय होता, आणि ते सांगणारे जाळे केवळ चित्राला खोली आल्यावरच दिसू शकत होते.

“तू रचना म्हणतोस ती इथेही आहे,” मामा म्हणाले, “फक्त ती कागदाच्या लांबी-रुंदीत शोधू नकोस. मिती परत करण्याचे म्हणशील, तर ती या कार्डावर कुठे आहे ते मला दाखव. हे दोन सपाट कागद आहेत. चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ साली रॉयल सोसायटीपुढे आपला निबंध मांडला, तेव्हा छायाचित्रणाची वार्ताही जगाला लागलेली नव्हती. त्याने नुसत्या रेघांच्या आकृत्या काढून, डाव्या डोळ्याला एक आणि उजव्याला दुसरी दाखवून सिद्ध केले की खोलीचा प्रत्यय या दोन प्रतिमांमधल्या फरकातून मन उभा करते. पुढे १९६० साली बेला यूलेस या संशोधकाने तर विषयच काढून टाकला. त्याच्या दोन चित्रांत वेड्यावाकड्या ठिपक्यांच्या राशीखेरीज काही नाही. एकेक पाहशील तर कसलाही आकार नाही. दोन डोळ्यांनी दोन्ही पाहिलीस की मधला चौकोन पृष्ठभागापासून उचलून वर येतो. तो चौकोन डावीकडे नाही, उजवीकडे नाही. पाहणाऱ्याच्या ठायी आहे. तुझे चित्र तू भिंतीला टांगून निघून गेलास तरी ते भिंतीवर असते. माझे चित्र कोणी डोळे लावल्यावाचून जगात कुठेच नसते. हे ध्यानात ठेव, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे.”

“आणि लाटांचे काय?” मी विचारले.

“लाटा आल्या त्या व्यापाराच्या.” मामांनी कपाटातून काही जुनी पिवळट कार्डे काढली. “हे पाहा. जेम्स रिकाल्टन नावाच्या अमेरिकन शिक्षकाने हिंदुस्थानात फिरून घेतलेली चित्रे. १९०७ साली अंडरवुड कंपनीने शंभर जोड्यांचा संच काढला, त्यासोबत ग्रंथ आणि नकाशे. मुंबईपासून प्रवास सुरू होतो. कुठे उभे राहायचे, कोणत्या दिशेला पाहायचे, काय पाहून काय वाटून घ्यायचे, सगळे सांगितलेले. अमेरिकेतल्या दिवाणखान्यात बसलेल्या माणसाने ते पाहिले. पण मुंबईच्या माणसाने त्या चित्रांवर काय शेरा लिहिला असता, हे विचारायला कोणी आले नाही. असा माल खपतो तोवर खपतो. चलत्चित्र आले, दूरचित्रवाणी आली, की पाहणारा तिकडे वळतो. पण निव्वळ विक्रीपुरती न राहणारी माणसेही पहिल्यापासून होती. टी. आर. विल्यम्स याने १८५० च्या दशकात एका लहानशा खेड्यातली माणसे, गाडे, झोपड्या जोड्यांत टिपल्या आणि कार्डांच्या पाठीवर स्वतःची पद्ये छापली. ते खेडे ऑक्सफर्डशायरमधले हिंटन वॉल्ड्रिस्ट हे आहे असा शोध ब्रायन मे या संगीतकाराने लावला आणि २००९ साली एलेना व्हिडाल यांच्यासह त्यावर ग्रंथ लिहिला. आणि हा दांड्याचा स्टिरिओस्कोप, जो आता तुझ्या हातात आहे, तो ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टराने १८६१ च्या सुमारास योजिला आणि त्यावर हक्क न घेता जगाला मोकळा सोडला, म्हणून तो कोणत्याही सुताराला करता आला. व्यापार तीनदा बुडाला हे खरे. पण १८९३ पासून पेटी फिरते आहे, अमेरिकेत १९७४ साली राष्ट्रीय मंडळ निघाले, १९७५ साली आंतरराष्ट्रीय संघ निघाला आणि त्याची संमेलने दर दोन वर्षांनी वेगवेगळ्या देशांत भरतात. जिथे विक्री होती तिथे छंद मेला. जिथे देवघेव होती तिथे तो जगला.”

हा मुद्दा मला मान्य करावा लागला. पण माझा खरा आक्षेप पुढे होता, आणि तो मी स्वतःच्या अनुभवाने बोलत होतो.

“देवघेव ठीक आहे. पण तुमच्या स्पर्धा? मी परीक्षकाच्या खुर्चीत बसलेला माणूस आहे, मामा. गुण द्यायचे ठरले की परीक्षक मोजता येईल ते शोधतो, आणि स्पर्धक तेच पुरवू लागतो. आमच्याकडे दोन-तीन वर्षांत एकच चित्र पन्नास जणांच्या नावावर दिसू लागते. तुमच्या शास्त्रात तर मोजण्यासारखे इतके आहे की तिथे हा रोग अधिक असला पाहिजे.”

मामांनी हे शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी स्पर्धेचे चित्र माझ्यापुढे उभे केले: अंधारलेले दालन, दोन प्रक्षेपक, त्यांच्यापुढे ध्रुवीकरणाच्या दिशा परस्परांशी काटकोनात ठेवलेल्या दोन काचा, प्रकाशाचे ध्रुवीकरण बिघडू नये म्हणून चंदेरी लेप दिलेला पडदा, प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा, आणि पुढच्या रांगेत बहुधा तीन परीक्षक. रिअलिस्टच्या पारदर्शिकांचे ४१ गुणिले १०१ मिलिमीटर हे माप सर्वत्र रूढ झाल्यामुळे एका देशातली जोडी दुसऱ्या देशातल्या प्रक्षेपकात बसू लागली, आणि स्पर्धांना देशाच्या सीमा उरल्या नाहीत.

“शिस्त हवी होती म्हणून स्पर्धा हवी होती,” ते म्हणाले. “तुझे चित्र फसले तर पाहणारा कंटाळतो, माझे फसले तर त्याचे कपाळ दुखते. एक चित्र दुसऱ्यापेक्षा केसभर वर चढले, तर डोळ्यांना एक वर आणि एक खाली वळावे लागते, आणि तसे वळणे डोळ्यांना ठाऊक नाही. चौकटीचेही तसेच. आम्ही चित्राच्या चौकटीला खिडकी म्हणतो. दृश्य खिडकीच्या पलीकडे असावे. एखादी फांदी खिडकीतून अलीकडे येत असेल तर ती मधोमध यावी. तीच फांदी कडेला कापली गेली तर डोळा म्हणतो फांदी पुढे आहे, आणि चौकट म्हणते मी फांदीला झाकते आहे. या दोन साक्षींचा मेळ बसत नाही, आणि चित्र मोडते. हे दोष मनुष्याला स्वतःच्या चित्रात दिसत नाहीत. परीक्षकांनी ते निष्ठुरपणे काढले म्हणून आमच्या पिढीच्या जोड्या निर्दोष झाल्या.”

“निर्दोष झाल्या, पण चांगल्या झाल्या का?” मी विचारले.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून त्यांनी आतल्या खोलीतून दोन कार्डे आणली. “याचे उत्तर मला या पेटीनेच दिले,” ते म्हणाले.

पहिले कार्ड महाबळेश्वरचे होते. सुटीत आले असताना त्यांनी आर्थर सीटच्या कड्यावरून ते घेतले होते. दोन भिंगांमधले अंतर जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा हिस्सा असावे, असा या छंदातला एक ढोबळ शिरस्ता आहे. वस्तू दोन मीटरांवर असेल तर हिशेब पासष्ट मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे माणसाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराइतका येतो. मामांच्या पुढचा पहिला कडा तीनशे मीटरांवर होता, म्हणून एक छायाचित्र घेऊन ते कड्याच्या काठाने दहा मीटर चालत गेले आणि तिथून दुसरे घेतले. कचेरीत त्यांना हीच सवय होती. विमान शेकडो मीटर पुढे सरकते तेव्हाच दोन छायाचित्रांत इतका फरक पडतो की जमिनीचा उठाव मोजता यावा. दुसऱ्या महायुद्धात मेडमनहॅमच्या तळावर बसलेल्या माणसांनी अशाच जोड्यांवर भिंगे धरून पीनेमुंडे येथील जर्मन क्षेपणास्त्रांचा माग काढला होता. तो उठाव त्या कामात सत्य होता, आणि मामांना तो सर्वत्र सत्य वाटत होता.

मी डोळे लावले. सह्याद्रीचे कडे एकामागे एक सुटे झाले. दरीची प्रत्येक पायरी मोजता आली. हे चित्र पारितोषिकाला पात्र आहे हे कोणालाही सांगता आले असते, आणि तसे ते मिळालेही होते. कार्डाच्या पाठीवर त्याची चिठ्ठी होती.

“आता हा शेरा वाच,” म्हणून मामांनी सोबतचा कागद पुढे केला. पेटीतल्या कोणा वृद्ध सभासदाने थरथरत्या अक्षरांत इंग्रजीत लिहिले होते त्याचा आशय असा: आपण टेबलावर फार सुबक प्रतिकृती मांडली आहे, आणि तिच्यावरून बोट फिरविण्याचा मला मोह होतो; परंतु आपण तिथे उभे असताना आपल्याला दरी अशी दिसली होती काय?

“मी पुन्हा डोळे लावले,” मामा म्हणाले, “आणि मला आपल्या वाड्याच्या अंगणातला दिवाळीचा किल्ला दिसला. हिशेब साधा आहे. डोळ्यांचे अंतर पासष्ट मिलिमीटर आणि मी घेतलेले दहा मीटर, म्हणजे दीडशे पटींच्या वर. तितक्या पटींनी जग लहान दिसते. तीनशे मीटरांवरचा कडा माझ्या चित्रात दोन मीटरांवर येऊन बसला होता. सह्याद्रीचा मी मातीचा किल्ला केला होता, आणि परीक्षकांनी त्याबद्दल मला पारितोषिक दिले होते, कारण खोली भरपूर होती. मला तो दोष दिसला नाही, कारण मी तिथे उभा राहिलेला माणूस होतो. कड्याची उंची माझ्या पायांना ठाऊक होती, आणि चित्रात जे नव्हते ते माझ्या स्मरणाने भरून काढले. ज्याने तो कडा जन्मात पाहिला नाही, त्यालाच माझ्या चित्रात काय आहे ते खरे दिसले.”

दुसरे कार्ड त्याच जागेचे होते, दोन वर्षांनंतरचे. या खेपेस त्यांनी डोळ्यांइतकेच अंतर ठेवले होते. हातभर पुढे कड्याचा काळा कातळ, त्याच्या भेगेत वाळलेले गवत, आणि त्यापुढे एकदम काही नाही. दरी दूर, निळसर, सपाट, जशी ती खरोखर डोळ्यांना दिसते तशी. सारी खोली त्या कातळात आणि त्यापुढच्या रितेपणात होती. स्पर्धेत हे चित्र पहिल्याच फेरीत बाहेर पडले. पेटीत त्याच थरथरत्या अक्षरांत एकच ओळ आली: मी नकळत एक पाऊल मागे सरलो.

“म्हणून सांगतो,” मामा म्हणाले, “स्पर्धेने मला हात दिला, पेटीने डोळे दिले. आमचे चित्र दुसऱ्याच्या ठायीच उमटते, आणि तिथे ते कसे उमटले हे त्याने सांगितल्यावाचून मला कळण्याचा दुसरा मार्ग नाही. किती गुण मिळाले त्यावरून मी कितवा हे कळते. त्याला काय दिसले हे कळत नाही. मी अजूनही स्पर्धेला जोड्या पाठवितो, कारण हात ढिला पडू नये. पण पेटी आली की मी हात धुऊन बसतो, ते उगीच नव्हे.”

“पण मामा,” मी म्हणालो, “हे तर माझ्याही चित्रांना लागू आहे. सपाट चित्र भिंतीवर असते हे खरे, तरी त्याचा अर्थ पाहणाऱ्यावाचून कुठे असतो? आणि मी तीस वर्षांत शेकडो चित्रांना गुण दिले. शेरा एकालाही लिहिला नाही.”

“मग आता लिही,” इतकेच मामा म्हणाले, आणि त्यांनी पेटीतले पुढचे कार्ड स्टिरिओस्कोपवर चढविले.

आमचा वाद पुरता मिटला असे म्हणवत नाही. एक मिती वजा करण्यात कला आहे या माझ्या मतावर मी अद्याप ठाम आहे, आणि मामा त्याला अर्धे सत्य म्हणतात. परंतु परीक्षण आणि शेरा यांतला भेद त्या टेबलापाशी मला पुरता पटला. पुण्यास परतल्यावर पहिल्याच प्रदर्शनाच्या चालकांना मी कळविले की गुणपत्रकाबरोबर प्रत्येक चित्रासाठी चार ओळींचा कागद जोडला जाणार असेल तरच मी परीक्षणास बसेन. त्यांनी ते मान्य केले.

वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे. हा छंद करून पाहण्यास निराळा कॅमेरा लागत नाही. खिशातला फोन पुरतो. न हलणारा विषय दोन-तीन मीटरांवर निवडावा, डाव्या पायावर भार देऊन एक छायाचित्र घ्यावे, फोन न वळविता भार उजव्या पायावर घेऊन दुसरे घ्यावे, आणि दोन्ही प्रती, प्रत्येकी सहा सेंटिमीटरांहून रुंद न करता, डावे डावीकडे आणि उजवे उजवीकडे असे शेजारी चिकटवून साध्या भिंगांच्या स्टिरिओस्कोपमधून पाहाव्यात. पण तिथे थांबू नये. ती जागा ज्याने पाहिलेली नाही अशा कोणाच्या तरी हाती ती जोडी द्यावी, आणि त्याला काय दिसले ते त्याच्याच हातून लिहून घ्यावे.